रिपीटरवरचा आवाज

मोबाईल खाली ठेवा आणि जवळ सरका. दिवा राहू दे, पण मधे बडबड नको.

माझा एक दोस्त होता, अग्निशमन दलात वायरलेस मेकॅनिक. टेकडीच्या माथ्यावर दलाची केबिन होती आणि तिच्यात रिपीटर. जवानांच्या हातातल्या सेटचा आवाज टेकडी ओलांडत नाही. हे यंत्र तो पकडतं आणि जोरात पुढे फेकतं. त्यातलं चॅनेल बदलायला आधी टेकडी चढावी लागे. मग वर नेटवर्कची एक डबी बसवली, डबीतून सिरियल केबल यंत्रात. गडी घरी बसून, चहा पीत चॅनेल बदलायला लागला.

“काका, मग भूतही ऑनलाइनच आलं असेल!”

शहाणा आहेस. ऐक. यंत्राला एक खटका होता. एका बाजूला ‘रिमोट’, दुसऱ्या बाजूला ‘लोकल’. लोकलवर असला की दुरून काही चालत नाही. यंत्रापाशी जो उभा, त्याचंच राज्य. आणि तो खटका हातानंच फिरतो.

जानेवारीतला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. टेकडीमागच्या जंगलात वणवा लागलेला, पाच जवान धुरात अडकलेले. त्यांत याचा एकुलता एक मुलगा. शेजारच्या गावचं पथक पलीकडून येत होतं. त्यांचं चॅनेल यंत्रात टाकलं की ते अडकलेल्यांना बाहेरची वाट सांगू शकणार. दोन मिनिटांचं काम. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं लॅपटॉप उघडला, शेजारी सेट ठेवला. वहिनी मागे उभी.

जोडणी झाली. चॅनेल पाठवलं. उत्तर आलं, लोकल.

“वर कोण गेलंय?” वहिनीनं विचारलं.

“कोण जाणार? कुलूप आहे. किल्ली ही काय, माझ्या खिशात.”

दोन महिन्यांपूर्वी त्याच केबिनमध्ये वहिनीच्या धाकट्या भावाचा खून झाला होता. तिथल्याच टॉवरवर चढायचं काम करायचा तो. तांब्याच्या तारा चोरणाऱ्यांनी त्याला लोखंडी गजानं मारलं. चेहरा उरला नव्हता. बहिणीनं बुटांवरून ओळखला.

सेट खरखरला.

कुणीतरी धापा टाकत होतं. मग गजाचा घाव. ओला आवाज. पुन्हा घाव. फरशीवर दात सांडल्यासारखं काहीतरी...

केबिनमधला माईक दाबलेला असला की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. तिकडे आगीत मुलगा हाका मारत असणार. आणि साऱ्या सेटवर एवढंच. घाव... घाव...

यंत्राची वीज मात्र त्या डबीवरूनही तोडता यायची; मित्रानं घरूनच यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. क्षणभर शांतता. त्यात मुलाचा आवाज. “बाबा, वाट सां...”

घाव. आधीपेक्षा जोरात. पडद्यावर लोकल.

त्यानं पुन्हा बंद-चालू केलं. तेवढ्या फटीत वहिनीनं सेट उचलला.

“छोट्या, मी ताई. तुझा भाचा आत आहे रे. जळेल तो. सोड!”

घाव आले नाहीत.

“ताई...” तोंडात रक्त भरल्यासारखा आवाज. “ताई, दार उघड.”

टेकडी कुठल्या कुठे लांब. थाप पडली ती स्वयंपाकघराच्या दारावर.

“आधी त्याला सोड,” ती म्हणाली. “मग उघडते. शब्द देते.”

पडद्यावर... रिमोट.

चॅनेल यंत्रात गेलं. पलीकडचं पथक बोलायला लागलं. नाल्याच्या कडेनं या... डावीकडे... दिसलात... पाचही जण बाहेर.

मित्र टेबलावर डोकं टेकून रडला.

थाप.

“उघडू नकोस.”

“शब्द दिलाय मी.”

त्यानं तिचा दंड धरला. तिनं झटकला. कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं. नुसता अंधार. वहिनीनं हात पसरले. मिठी मारली... घट्ट... कुणाला तरी.

तो एकटा आला नव्हता. त्याच्या मागोमाग घावही आले.

गज दिसला नाही. पाठीवर पडताना ऐकू आला. बरगडी मोडली. मग खांदा. मित्र मधे पडला, त्याचं मनगट मोडलं. तिनं मिठी सोडली नाही. पुटपुटत होती. “संपलं हं, बाळा... संपलं...”

मग थांबलं.

“काका... काकू गेल्या?”

वाचली. पाठ वाकली ती वाकलीच. मुलगा हाताला धरून चालवतो तिला.

दवाखान्यातून तिचा गाऊन पिशवीत घालून मीच घरी आणला. मागून फाटलेला, रक्त चार थेंब. पुढून मात्र छातीपासून गुडघ्यापर्यंत पार भिजलेला. पिशवीतून गळत होता.

पुढून तिला साधं खरचटलंही नव्हतं.