जनीआत्याचं लुगडं

रोह्याला मालूआत्याकडे गेले ते फक्त जुन्या लुगड्याचे फोटो काढायला. रविवार होता, पेणहून एस.टी. वेळेवर मिळाली.

पेणच्या रामवाडीतल्या एका क्लासमध्ये मी ॲनिमेशनच्या पात्रांचे कपडे बनवायला शिकत होते. संगणकावरच कापड बेतायचं, शिवायचं आणि पडद्यावरच्या शरीरावर सोडायचं. ते खऱ्यासारखं खाली येतं, अंगाला अडेल तिथं थांबतं. शुक्रवारी एक कंपनी आमची कामं बघून एकीला नोकरी देणार होती. बाकीच्या घागरे करत होत्या. मला लुगडं करायचं होतं, आमच्या खाडीकडच्या बायका गुडघ्यापर्यंत खोचून नेसतात तसं.

मालूआत्यानं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. "जनीचं हाय."

जनी तिची धाकटी बहीण, म्हणजे माझीही आत्याच. धरमतरकडच्या मिठागरात कामाला जायची. मी तीन वर्षांची असताना एकदा भरतीच्या वेळी बांधावरून गेली, ती परत आलीच नाही. अंगही सापडलं नाही.

"नेसवनार कुनाला?" आत्यानं विचारलं.

"कुणाला नाय गो आत्या. नुसतं शरीर असतं. माणूस नाय."

मी फोटो काढेपर्यंत ती लुगड्यावरून हात फिरवत राहिली.

सोमवारी दुपारी क्लासमध्ये दिपिका मॅडम आणि मी, दोघीच होतो. लुगडं छान उतरलं होतं, पण डाव्या बाजूच्या चुण्या काही केल्या बसेनात.

मॅडम म्हणाल्या, "शरीर काढून टाक, मनस्वी. कापड पडू दे खाली. मग नव्यानं नेसव."

मी शरीर काढलं. बटण दाबलं.

लुगडं पडलं नाही.

ते तसंच उभं होतं. पाठीत किंचित वाकलेलं, गुडघ्याशी ताणलेलं. मग काठ हलला. एक बाजू वर उचलली गेली, जड, चिखलातून पाय ओढून काढावा तशी. मग दुसरी.

"कुठलं शरीर राहिलंय आत?" मॅडमनी फाईलमधल्या वस्तूंची यादी उघडली. यादीत फक्त लुगडं होतं.

संगणक बंद करून चालू केला. दुसऱ्यावर फाईल उघडली. तिथंही ते चालतच होतं.

काय सुचलं कोण जाणे, मी मालूआत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"जनीच हाय," ती हळूच म्हणाली. "अशीच चालायची… पन गो, तिच्या कडेवर कोन हाय?"

आता मला दिसलं. डाव्या कमरेवर कापड बाहेर आलं होतं, पोर बसवल्यासारखं. खांद्याजवळ पदराला मुठीएवढी चुणी होती.

"तिला मूल होतं, आत्या?"

"नाय. लगीनच झालेलं नव्हतं तिचं."

"मग गावातलं कुणाचं… त्या दिवशी हरवलं होतं का?"

"कुनाचंच नाय."

आम्ही बघत असतानाच चुणी सुटली. एकेक बोट उघडावं तशी, सावकाश. कमरेवरचं कापड सैल झालं. लुगडं पाठीत सरळ झालं आणि थांबलं.

"पोर उतरलं," मॅडम पुटपुटल्या. त्यांनी माझा दंड धरला होता. "पण दिसत का नाही?"

"अंगावर कापड नाही त्याच्या," मी म्हणाले.

मग मी एक साधं झबलं बेतलं, वर्षाच्या पोराच्या मापाचं. शिवताना दोनदा चुकले. लुगड्याच्या पायाशी, जिथं ते उतरलं असणार तिथं, वरून अलगद सोडलं.

झबलं सरळ खाली आलं, जमिनीवर सपाट पडलं. मी ते आणखी चार ठिकाणी सोडून पाहिलं, सगळी रिकामी जागा पालथी घातली.

पडद्याच्या आत ते पोर कुठंच नव्हतं.