तिसरं उद्यान वगळू नका

खरं तर त्या दिवशी वनखात्याच्या आरक्षण खिडकीवर दादा जाणार होता. ऐन वेळी त्याला काम निघालं आणि कागद माझ्या हातात आले.

खिडकीमागच्या तरुणाने माझा अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला.

"सात माणसं, नऊ दिवस, पाच राष्ट्रीय उद्यानं... आणि एकच गाडी?"

"हो. का?"

"काही नाही. परत आल्यावर एकमेकांशी बोलाल ना?"

मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकाच गोष्टीवर एकमत झालं – सहल ठरवायचं काम माझं. आत्याला डोंगर नकोत, काकांना फक्त पक्षी हवेत, आईच्या पाठीला चार तासांपेक्षा जास्त प्रवास झेपत नाही. कोणाचं तरी काहीतरी बदलायचं आणि मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर हजर! मी जवळच्याच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं, हेच काम. पण खिडकीमागच्या ह्या तरुणाच्या डोळ्यांत काय आहे, ते काही मला वाचता येईना.

"आज काय बदललं?" तो विचारायचा.

"आत्याला डोंगर नकोत."

"आणि तुम्हाला?"

"मला... मला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय ना."

त्याने नकाशा माझ्याकडे फिरवला आणि तिसऱ्या उद्यानावर पेन्सिल टेकवली. "हे मात्र वगळू नका. मोठे प्राणी फारसे दिसत नाहीत. पण संध्याकाळी गवतावर जो वारा सुटतो ना..." तो एकदम थांबला आणि त्याने माझ्या अर्जावर शिक्का मारला – उलटा.

मग एके दिवशी काहीच कारण नसताना मी तिथे उभी होते.

"आज काय बदललं?"

"काहीच नाही."

"मग?"

"तेच... सांगायला आले."

तो हसला नाही. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि रांगेतला माझ्या मागचा माणूस खाकरला.

पुढच्या आठवड्यात खिडकीत एक बाई होत्या. "ते? त्यांची बदली झाली," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या उद्यानाचं नाव घेतलं.

माझं डोकंच चालेना. म्हणजे तो मला बोलावत होता? की नुसतं आपल्या नव्या जागेचं कौतुक करत होता? आणि जाताना एका शब्दाने सांगू नये?

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "तिसरं उद्यान रद्द. दीडशे किलोमीटरचा वळसा! आहे काय तिथे?"

"गवत," मी म्हणाले.

"गवत?"

"आणि... वारा."

जेवणाच्या टेबलावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "हिला बरं नाहीये का?" शेवटी दादाच म्हणाला, "गाडी मी चालवणार आहे ना? मग वळसा माझ्याकडे लागला."

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो. फाटकावर परवाने तपासायला तोच होता, खाकी कपड्यांत, उन्हाने रापलेला. त्याने आम्हाला मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा चुकला.

"पोराचं गणित कच्चं दिसतंय," आत्या कुजबुजली.

आत जायला उद्यानाची जीप लागली. "माझं डोकं दुखतंय, मी इथेच थांबते," मी म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "थांब हो," ती म्हणाली आणि बाबांना जवळजवळ ढकलतच जीपमध्ये बसवलं.

धुरळा खाली बसला. फाटकाजवळच्या बाकावर तो टेकला, मी समोर उभी.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? ही बदली मी दोन वर्षांपूर्वी मागितली होती. आली का, आली का, रोज चौकशी करायचो. आणि आली त्या दिवशी..." तो पेनाचं टोपण काढघाल करत राहिला. "नकोशी वाटली."

"का?"

"तुमच्या आत्याचं पुन्हा काही बदललं असतं, तर खिडकीत मी नसतो म्हणून."

"शेवटच्या वेळी कोणाचंच काही बदललं नव्हतं. मी उगाच आले होते."

"माहीत आहे. बदलीचा कागद तेव्हा माझ्या खिशातच होता. सांगायचा धीर झाला नाही."

आनंदही होत होता, रडूही येत होतं. आणि सकाळी सातला आमची गाडी चौथ्या उद्यानाकडे निघणार होती!

"मी परत येईन," मी एका दमात म्हणून टाकलं. "एकटी. तुम्हाला चालेल?"

"तुम्हाला?" आता तो हसला. "अजून तुम्हालाच?"

"मग काय म्हणू? मला ना, काही समजतच नाहीये—"

"मलाही नाही," असं म्हणत बाकावर सरकून त्याने जागा केली. "बस ना. जीप यायला अजून तीन तास आहेत."

मी बसले.