उपवासाचं मीठ

चंद्रावरच्या शशिग्राम वसाहतीत गुपित टिकवणं महाकठीण होतं. माणसं अवघी एकेचाळीस आणि जेवायला सगळी एकाच पंगतीला. तरीही गौतमी मोहितेने आपलं नऊ आठवड्यांचं गुपित सांभाळलं होतं. ती काचघरात भाजीपाला पिकवायची. नवरा यशोधन यंत्रशाळेत होता. त्याला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आणि मुदपाकखान्याच्या सुलभाकाकूंना न सांगताच कळलं होतं. तीन महिने पुरे होईपर्यंत आणखी कुणाला सांगायचं नाही, अशी काकूंनी गौतमीला शपथच घातली होती आणि स्वतःही घेतली होती.

आज मात्र दवाखान्यात तिला तपासताना वसाहतीचे डॉक्टर अस्लम तांबोळी यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"मॅडम, चकती बिघडलीय," ते पडद्याकडे पाहून म्हणाले.

पडद्यावर पुण्याहून डॉ. इरावती सबनीस बोलत होत्या. वय सत्तर, जीभ तलवारीसारखी. कंठचकतीचा शोध त्यांचाच. गौतमीची थायरॉइड ग्रंथी चार वर्षांपूर्वी काढावी लागली होती. त्याआधी घेतलेल्या तिच्याच पेशींपासून वाढवलेली नाण्याएवढी चकती आता तिच्या दंडात, कातडीखाली, ग्रंथीचं काम करत होती. सकाळी अनशापोटी गोळी घ्यायची कटकट तेव्हापासून संपली होती. शशिग्राममध्ये तर त्या गोळ्या आता ठेवतही नसत.

"बिघडली म्हणजे काय झालं? नीट सांग," सबनीसबाई म्हणाल्या. पृथ्वीवरून उत्तर यायला अडीच सेकंद लागत, पण बाईंचा फणकारा वाटेत थंड होत नसे.

"गरोदरपणाआधी ती शंभर एकक संप्रेरक बनवायची. आता दीडशे हवीत. बनतायत ऐंशी, आणि रोज घसरतायत."

गौतमीने विचारलं, "बाळाला कमी पडतंय का?"

अस्लमनी खरं तेच सांगितलं. बाराव्या आठवड्यापर्यंत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागत नाही. तोवर त्याचा मेंदू घडतो तो आईच्या संप्रेरकावर. गोळ्या घेऊन येणारं यान वीस दिवसांनी पोचणार होतं. म्हणजे नेमके तेच दिवस कोरडे जाणार होते.

"शीतपेटीत दुसरी चकती आहे. ही काढून ती बसवतो," अस्लम म्हणाले.

"रुजायला दहा दिवस घेईल. तोवर ऐंशीचंही शून्य!" सबनीसबाई कडाडल्या. "चकतीला हात लावशील तर खबरदार. जिवंत पेशी आहेत त्या. मेंदूतून हाक आली की संप्रेरक बनवतात. गर्भाचं संप्रेरक रक्तात वाढलं की त्यालाही ओ देतात, कारण दोन्ही हाका त्यांना सारख्याच ऐकू येतात. जेवढी हाक, तेवढं काम. फक्त कच्चा माल लागतो, आयोडीन. तो कुठून येतो?"

"मिठातून. चंद्राच्या मातीतल्या भाजीत कुठलं आलंय आयोडीन! पण मीठ आयोडीनवालंच येतं, मॅडम. आणि बाकीचे चाळीस जण तेच खातात. सगळे ठणठणीत आहेत."

"त्यांच्या गळ्यात खरी ग्रंथी आहे. तिच्याकडे महिनोन्‌महिन्यांचा साठा असतो. चकती रोज मिळेल त्यावरच भागवते. तुमच्या स्वयंपाकीणबाईंना बोलाव."

सुलभाकाकू पदराला हात पुसत आल्या. बाई इस्लामपूरच्या. चंद्रावर आल्या तरी बोली तिथलीच राहिली होती.

"काकू, मीठ कोणतं वापरता?" अस्लमनी विचारलं.

काकूंनी गौतमीकडे पाहिलं, मग छताकडे. "मीठच की. खारट असतंय त्ये."

"बदललंय का?"

"आता काय सांगू डॉक्टरसाहेब! मला बोलता यायचं न्हाई. शपथ हाय."

"काकू, डॉक्टरांना माझं सगळं माहीत आहे हो," गौतमी म्हणाली.

"व्हय? मग आधी सांगायचं की!" काकूंना कोण हायसं वाटलं. "अवो, पोटुशी बाईला ते कारखान्यातलं मीठ कशाला? उपासासाठी सैंधव आलं हुतं, आठ किलो. एकदम शुद्ध. पन हिच्या एकटीच्या ताटात येगळं मीठ घातलं तर समद्यांना कळंल न्हवं? म्हनून समद्यांच्याच जेवनात सैंधव घातलं. महिना झाला."

सैंधवात नावालाही आयोडीन नसतं, हे अस्लमनी काकूंना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजी मीच पोरीच्या जिवावर उठले?"

गौतमीने त्यांचा हात घट्ट धरला. तिला भीती वाटत होती, रागही आला होता, पण महिनाभर आपल्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या बाईवर तो काढायचा कसा? "नेहमीचं मीठ आहे ना अजून? मग झालं तर," ती म्हणाली.

नुसत्या मिठाने भरपाई व्हायला वेळ लागला असता. वसाहतीच्या अणुभट्टीत अपघात झाला तर म्हणून आयोडीनच्या गोळ्या दवाखान्यात होत्या. सबनीसबाईंनी बजावलं, "अख्खी गोळी देऊ नकोस, भलतंच होईल. एका गोळीत तिची चारशे दिवसांची गरज आहे." अस्लमनी एक गोळी पाण्यात विरघळवली, ते पाणी पुन्हा पाण्यात मिसळून पातळ केलं, आणि रोज सकाळी मोजून एक चमचा गौतमीला देऊ लागले. यशोधन रोज कामावर जायच्या आधी आकडा बघायला हजर असे.

पाचव्या दिवशी आकडा एकशेदहावर गेला. आठव्या दिवशी दीडशे. यशोधनने आनंदाच्या भरात डॉक्टरांना उचललं.

अकराव्या दिवशी एकशेनव्वद.

अस्लमनी घाबरतच पुण्याला फोन लावला. "मॅडम, आयोडीन जास्त झालं बहुतेक. चकती सुसाट सुटलीय."

"घर सरपणानं भरलं म्हणून कुणी जास्त भात शिजवतं का?" बाई म्हणाल्या. "जेवढी हाक, तेवढं काम. मेंदूची हाक किती आहे?"

"जवळजवळ बंद."

"मग राहिलं गर्भाचं संप्रेरक. ते मोज."

अस्लमनी मोजलं. आकडा अपेक्षेच्या दुप्पट आला. तो दोनदा तपासला. मग ते खुर्चीत बसले आणि हसू लागले.

चंद्रावर बाळंतपणाचा विचारच कुणी केला नव्हता, त्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नव्हतं. ते त्यानंतर नवव्या दिवशी यानातून आलं. थायरॉइडच्या गोळ्याही आल्या, पण आता त्या कुणाला नको होत्या. अस्लमनी गौतमीच्या पोटावर यंत्र टेकवलं. पडद्यावर एक इवलासा ठोका लखलखला. गौतमीने श्वास रोखून धरला. अस्लमनी हात बोटभर सरकवला.

दुसरा ठोका दिसला.

"दोघं आहेत. दोघंही आहेत हो!" गौतमी म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

दाराशी उभ्या असलेल्या सुलभाकाकूंनी कपाळावर हात मारला.

"आन्‌ मी मातुर इतकं दिस एकाचीच दृष्ट काढत हुते!"