कोणत्या तोंडाने यायचं?

स्टूल डगमगलं, हातोडी निसटली, आणि नेमका खाली कोणाचा तरी पाय होता.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी! लागलं का हो?" टाचणीने वरूनच विचारलं. तोंडात तीन खिळे धरून जेवढं विचारता येतं, तेवढं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून अशी बारीक आणि अशी टोचरी, की मामांनी ठेवलेलं ते नाव पक्कं रुतून बसलं. मामा या गोल्फ क्लबचे सेक्रेटरी. उद्यापासून इथली मोठी स्पर्धा, आणि यंदा तिचं पन्नासावं वर्ष! म्हणून कॉरिडॉरच्या भिंतीवर पन्नास वर्षांतले अविस्मरणीय क्षण लावायचं काम त्यांनी भाचीवर सोपवलं होतं. "पाचला पाहुणे येतील. भिंत रिकामी दिसली, तर तिथे तुलाच टांगीन," अशा प्रेमळ शब्दांत.

भिंत झक्कास जमली होती. कुत्र्याने चेंडू पळवला ते वर्ष. आनंदाच्या भरात करंडकासकट तळ्यात पडलेले विजेते. मांडव उडाला म्हणून स्वयंपाकघरात, पातेल्यांच्या साक्षीने झालेला बक्षीस समारंभ...

लंगडत उभा असलेला तो मात्र एकाच फोटोकडे बघत होता. उंच, उन्हाने रापलेला, आणि पापण्या — टाचणीने लगेच नोंद घेतली — अन्याय वाटावा इतक्या लांब.

"हा फोटो काढता येईल?"

"का? तुमच्या काकांचा आहे?"

"माझा आहे."

टाचणीने फोटोकडे पाहिलं. दोन्ही हात वर, टोपी हवेत, तोंड इतकं उघडं की अक्कलदाढा मोजून घ्याव्यात.

"अय्या! तोंड मिटलंत ना, म्हणून ओळखलं नाही."

तीन वर्षांपूर्वी शेवटच्या होलमध्ये याने चेंडू ढकलला, एका फटक्याने जिंकला आणि नाच नाच नाचला. मग होलमधून चेंडू काढला, तर तो त्याचा नव्हताच! प्रत्येक खेळाडू आपल्या चेंडूवर पेनाने खूण करतो. याची खूण लाल ठिपका, आणि हातातला चेंडू कोरा. उंच गवतात कोणाचा तरी कधीचा हरवलेला चेंडू पडला होता, आणि पठ्ठ्याने खूण न बघताच तो हाणला होता. चुकीचा चेंडू मारला की दोन फटक्यांचा दंड. मागे जाऊन स्वतःचा चेंडू पुन्हा खेळावा लागला, आणि करंडक गेला दुसऱ्याच्या घरी.

फोटोखाली टाचणीच्या गोलमटोल अक्षरात लिहिलं होतं — 'आधी नाचला, मग चेंडू पाहिला.'

"उद्या पुन्हा इथेच खेळायचंय," तो हळूच म्हणाला. "तीन वर्षांनी कसाबसा धीर केलाय. आत येणारा प्रत्येक जण हे वाचून हसला, तर पहिला फटका मारताना माझे हात..."

टाचणी स्टुलावरून उतरली.

"काढते. पण... मला हाच सगळ्यात आवडतो."

"हसायला?"

"नाही हो! विनोदी ओळ मामांना हवी होती. मी होते तिथे, दोरीपाशी. हातात 'शांतता राखा'चा बोर्ड. चेंडू बघून तुमचा चेहरा पडला, तो फक्त मला दिसला. गपचूप खिशात टाकला असतात, तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं! आणि तुम्ही सरळ पंचांना हाक मारलीत. त्या दिवशी मला जेवणसुद्धा..."

तिने जीभ चावली. तो टक लावून बघत होता.

"उलटा बोर्ड धरलेली मुलगी?"

"उलटा?"

"डोकं खाली, पाय वर! वाचायला मान वाकडी केली, मग नजर बोर्डवरून जरा वर गेली आणि... तिथेच राहिली. खूण बघायची असते हे आठवलंच नाही."

"म्हणजे करंडक माझ्यामुळे गेला?" टाचणी किंचाळलीच.

"पंचांना काय सांगणार? चेंडू सोडून मुलगी बघत होतो म्हणून?"

टाचणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तीन वर्षं एकदाही आला का नाहीत?"

"हरलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने यायचं?"

"या!" तिने फोटोतल्या अक्कलदाढांवर बोट ठेवलं.

तो हसला. थेट फोटोतल्यासारखा! मग त्याने खाली वाकून हातोडी उचलली. "राहू दे फोटो. ओळ तेवढी बदलशील?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

पाचला पाच मिनिटं असताना मामा चष्मा पुसत आले आणि नवी ओळ मोठ्याने वाचू लागले. "'चेंडू चुकीचा आहे, हे त्या क्षणी दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकाने पंचांना सांगितलं.' हं... विनोदी नाही, पण छान आहे. एक तर हा खेळाडू. दुसरं कोण गं?"

टाचणीला अचानक भिंतीवरची धूळ फार महत्त्वाची वाटू लागली.

"मामा," तो घसा खाकरून म्हणाला, "स्पर्धा संपली की हिला चहाला नेऊ का? जिंकलो तरी... आणि हरलो तरी."

मामांनी चष्म्यावरून आधी त्याला न्याहाळलं, मग भाचीला.

"ते बघू. आधी मला सांगा, मी तुमचा मामा कधीपासून?"

त्याने तोंड उघडलं, पण टाचणीने त्याच्याआधीच सांगून टाकलं —

"तीन वर्षं झाली!"