दुसऱ्या परीक्षकाची खुर्ची

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलं, आणि आत्या भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यातली नव्हती. असल्या गप्पा सुरू झाल्या की ती उठून भांडी घासायला जायची.

डिसेंबर १९७४. रविवार. कोल्हापूर, मंगळवार पेठेतल्या एका शाळेचा हॉल.

वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

नंदिनीआत्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. लग्न केलं नाही. दोन खोल्या, शिकवण्या आणि एक ऑर्गन, एवढाच संसार. ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारून वाजवायची ती नाटकातली पायपेटी. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

अप्पांनी जन्मात कुणाला 'वा' म्हटलं नाही. वाजवणं आवडलं की ते खुर्चीच्या लाकडी हातावर अंगठीनं ठेका धरायचे. टक... टक... टक... मन उडालं की ठेका बंद.

आत्या वाजवायला बसली की ठेका सुरू व्हायचा. अंतरा आला की बंद पडायचा.

दर वेळी.

तेही काही बोलायचे नाहीत, हीही विचारायची नाही. दोघं एका माळेचे मणी. पंधरा वर्षं असंच चाललं आणि मग अप्पा गेले. लग्न झालं नाही याचं आत्याला फारसं वाटलं नाही, पण एकदा तरी तो ठेका शेवटपर्यंत ऐकायचा राहून गेला, याचं फार वाटायचं. तसं तिनं मला सरळ सांगितलं होतं.

त्या रविवारी ती ऑर्गनच्या परीक्षेला परीक्षक होती. परीक्षक दोन असतात. दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, आपसात बोलायचं नाही, आणि विद्यार्थ्याला दाद तर अजिबात द्यायची नाही. पण दुसरे परीक्षक गणपतराव मिरजेहून यायचे होते, ते तापानं आडवे झाले. शिपाई आकारामनं त्यांची खुर्ची उचलू का म्हणून विचारलं. आत्या म्हणाली, राहू दे.

दोन्ही खुर्च्या दाराजवळ होत्या. ऑर्गन हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला.

पहिला आला सयाजी, बिद्रीच्या साखर कारखान्यातला कारकून. भीमपलास वाजवायला लागला. बोटं काय पळत होती! एक सूर घसरला नाही, भाता कुठे कमीजास्त झाला नाही. आत्यानं 'बोटांची तयारी' या रकान्यात गुण लिहायला पेन टेकवलं, आणि...

टक... टक... टक...

शेजारून.

तिनं मान वळवली. खुर्ची रिकामी होती. तिचे स्वतःचे दोन्ही हात कागदावर होते.

चार आवर्तनं झाली आणि ठेका थांबला. सयाजी वाजवतच होता. तेव्हा आत्याच्या लक्षात आलं, की आपल्यालाही मघापासून कंटाळा आलाय. सूर सगळे जागच्या जागी होते. गाणं तेवढं नव्हतं.

शेवटी आली बनाबाई. शिरोळची, पस्तिशीची, प्राथमिक शाळेत शिकवणारी. तिचं बोट तानेत अडखळलं. भात्याला धाप लागली. एरवी आत्यानं तिला नापास करून पाणीसुद्धा विचारलं नसतं.

पण ठेका चालू होता... चुकली तिथेही चालू होता... शेवटच्या समेपर्यंत.

आत्याला बनाबाईचा हेवा वाटला. परीक्षकाला परीक्षार्थीचा हेवा! बोटांना तिनं पंचवीसपैकी नऊ दिले आणि 'रंजकते'ला चोवीस. आजवर कुणाला तिनं अठराच्या वर दिले नव्हते. ते चोवीस आपले की शेजारच्याचे, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

हॉल रिकामा झाला. आत्या उठली नाही. मी विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटली. पण ते उठून जातील याची जास्त वाटली."

मग ती चालत जाऊन ऑर्गनवर बसली. तोच भीमपलास.

टक... टक... टक...

सबंध स्थायीभर ठेका तिच्याबरोबर होता. अंतरा आला. तिनं भाता जोरात मारला, ऑर्गन भरून वाजायला लागला. ती कान देऊन ऐकत राहिली.

काही नाही.

अंतरा पुन्हा घेतला. काही नाही. तसंच शेवटपर्यंत वाजवून तिनं झाकण लावलं.

दार लावायला आकाराम आला. म्हणाला, "बाई, दुसरं परीक्षक कवा आलं? मला दिसलंच न्हाईत."

"कोणी आलं नाही."

"मग ठेका कोण धरत हुतं? मी दाराबाहीर बाकावर बसलोतो की. तुमी वाजवत हुता तवा तर शेवटपातुर चालला हुता."

आत्या दाराच्या पायरीवरच बसली.

अंतऱ्याला भाता जोरात लागतो. ऑर्गन छातीशी घुमत असतो. त्यात लांब बसलेल्या माणसाच्या अंगठीचा आवाज वाजवणाऱ्याला कसा ऐकू जाणार? हे तिला अप्पा जाऊन इतकी वर्षं झाल्यावर सुचलं. त्यांना एकदा नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं.

त्यानंतर तिनं ऑर्गनसमोर दूर एक हाताची खुर्ची मांडली. मी गेलो की मला त्या खुर्चीशेजारी बसवायची आणि वाजवायची. संपलं की मागे न बघता विचारायची, "चालू होता का रे?"

मला कधीच काही ऐकू आलं नाही. मी दर वेळी "हो" म्हणायचो. म्हातारीला बरं वाटायचं, माझं काय जात होतं?

सात वर्षं हे असंच चाललं.

सप्टेंबर १९८१. गुरुवार, संध्याकाळचे पाच. आत्या भीमपलास वाजवत होती. अंतरा सुरू झाला, आणि माझ्या कोपराशेजारी...

टक... टक... टक...

खुर्ची रिकामी होती. ठेका समेपर्यंत गेला.

"चालू होता का रे?"

हो म्हटलं तर ते खरं होईल, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

मी म्हणालो, "नाही."

आत्यानं हळूच झाकण लावलं. पुन्हा ते उघडलं नाही, आणि मला पुन्हा विचारलंही नाही. दिवाळीच्या आत ती गेली.

तो ऑर्गन आता माझ्याकडे आहे. मला वाजवता येत नाही. त्याच्यासमोर मी खुर्ची ठेवत नाही.