रिकाम्या ग्लासात एक थेंब

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि लक्ष्मणरावांकडे परवाना आहे. परवान्यावर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं लिहिलेलं. त्यांची प्रकृती ठणठणीत होती, आणि त्याचं श्रेय ते परवान्यालाच देत.

त्या रविवारी सकाळी अकराला पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर चार चिमुकल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. लेक अंकिता स्कॉटलंडात शिकते. दिवाळीला येताना बापासाठी स्वेटर आणायचं तिनं कबूल केलं होतं, आणि आणलं हे. चारही सिंगल माल्ट व्हिस्की, चारही कास्क स्ट्रेंथ. म्हणजे लाकडी पिंपातून निघाली तशीच बाटलीत भरलेली, पाणी घालून माणसाळवलेली नव्हे. सगळ्यात गरीब सत्तावन्न टक्क्यांची, सगळ्यात कजाग त्रेसष्टची. लक्ष्मणरावांनी लेबलांवर चिकटपट्टी लावून एक ते चार आकडे टाकले होते.

“मामा, सकाळी सकाळी काऊन?” धनंजयनं विचारलं.

“सकाळी जीभ कोरी असते. दुपारी वांग्याची भाजी खाल्ली का चारही वांग्याच्या लागतात.”

धनंजय त्यांचा भाचा. पुण्यात इसेन्सच्या कंपनीत वास घ्यायच्या नोकरीवर होता. बिस्किटातलं संत्रं, सरबतातला गुलाब, खोकल्याच्या औषधातली ती चेरी, जी जगातल्या कुठल्याच झाडाला लागत नाही, सगळं त्याच्या नाकाखालून जाई. पाच महिन्यांपूर्वी त्याला ताप आला, तीन दिवसांत गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. तेव्हापासून शेजारच्या टेबलावरच्या मंजुषाचा चेहरा वाचून त्याचं काम चाललं होतं. तिनं नाक मुरडलं की हा ‘आंबूस’ लिहायचा. पण येत्या गुरुवारी वार्षिक परीक्षा होती. बंद खोली, वीस कागदी पट्ट्या, वीस नावं, आणि मंजुषा बाहेर. नापास झाला की नोकरी संपली.

हे त्यानं फक्त मामांना सांगितलं होतं. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या मामांनी निदान केलं, “बंद मोटरीले एकदा जास्त व्होल्टेज देऊन पाहा लागते.” व्होल्टेज टेबलावर होतं.

मामांनी तीन नंबरचं बूच फिरवलं. लगेच दोन भिंतींपलीकडून, स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, “मनुका! अन् जुन्या कपाटाचं लाकूड! कोणती उघडली, तीन नंबर का?”

मामांनी चिकटपट्टी उचलून पाहिलं. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेली. कोकिळामामीनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं.

“पस्तीस वर्षं मी या नाकाखाली संसार करून राह्यलो,” मामा हळूच म्हणाले. “परवाना असून चोरासारखा पितो बे मी.”

अशी व्हिस्की पाण्याच्या थेंबानं खुलते म्हणतात. पण पाणी हलकं हवं, आणि पिपरी मेघेच्या नळाच्या पाण्यात तुरीची डाळही रुसून बसते. म्हणून मामा आदल्या दिवशी स्कूटर घेऊन वडनेरला गेले होते, मामीच्या माहेरच्या शेतात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते. त्यांनी मोटर लावली, पाइप कॅनमध्ये सोडला, आणि परत आले.

मामी पदराला हात पुसत दारात आली. “पह्यली ओंजळ परत टाकली का विहिरीत?”

“मोटर लावली होती व. पाइपातून ओंजळ कशी परत टाकू?”

“मंग आपल्या हातानं घेईन ते.”

“कोण?” धनंजयनं विचारलं.

“विहीर.” नात्यातल्या बाईचं नाव घ्यावं तसं मामी म्हणाली. “घेऊ देजो. पण रिकाम्या भांड्यात ते पाणी टाकजो नको, धनू.”

“काऊन?”

“माय सांगे. काऊन ते तिलेही माहीत नव्हतं.” आणि ती कुकर लावायला आत गेली.

मामांनी प्रत्येक बाटली दोघांत वाटली. स्वतःचे चार ग्लास त्यांनी ‘आपल्याले पाणी कायले लागते’ म्हणत एकामागून एक कोरेच घेतले आणि खुर्चीत डोळे मिटून मोठ्या समाधानानं बसले. धनंजयनं एक नंबरचा ग्लास नाकाशी धरला. नाकात आग लागली, पण धूर नाही. नुसतं चरचरणं. कानाच्या औषधाचा उकळलेला ड्रॉपर त्यानं कॅनमध्ये बुडवला आणि एक थेंब सोडला.

केळं.

पिकून काळं पडलेलं, शाळेच्या दप्तरात विसरलेलं केळं. त्याच्या मागून व्हॅनिला, मध, नुकतं रंधा मारलेलं लाकूड. धनंजयचे डोळे भरून आले. पाच महिन्यांत त्याला पहिल्यांदा कुणीतरी भेटायला आलं होतं, आणि ते केळं होतं.

मग त्याचं ग्लासाकडे लक्ष गेलं. व्हिस्की कमी झाली होती.

धनंजय विज्ञानाचा माणूस. त्यानं मार्कर आणला, दोन नंबरच्या ग्लासावर रेघ मारली आणि आधी बाटलीबंद पाण्याचे पाच थेंब टाकले. पातळी केसभर वर चढली. वास काही नाही. मग विहिरीचा एक थेंब. पातळी रेघेच्या खाली गेली, आणि समुद्र आला. खारट वारा, ओली दोरी, शिंपले. वर्ध्यापासून समुद्र चारही बाजूंनी दूर आहे. तो टेबलावर येऊन बसला होता.

“मामा, पाणी टाकलं की कमी होते हे.”

“उन्हाळ्यात धरणाचंही असंच होते,” मामा डोळे न उघडता म्हणाले.

तिसऱ्यात मनुका होत्या, आणि जुन्या कपाटाचं लाकूडही. मामीनं सांगितलं तसंच. पण त्यांच्या मागे असं काही होतं, जे कुठल्याही पिंपात असायचं कारण नव्हतं. शेवाळ. घासलेलं पितळ. ओल्या काळ्या मातीत बैलाचा खूर रुतून निघाल्यावर येतो तो वास. त्याहून मागे खोल, गार, दगडी अंधाराचा वास, ज्याला कंपनीच्या यादीतल्या साडेचारशे नावांत नाव नव्हतं. कुणी देवळाचा दरवाजा उघडावा आणि आत देऊळ नसावं, नुसतीच खोली असावी, तसं काहीतरी. धनंजयनं नकळत चपला काढल्या.

चौथी पीटच्या, म्हणजे तिकडच्या दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुराची, त्रेसष्ट टक्क्यांची. थेंब पडला. धूर आला, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्यासारखा. आणि धुरापलीकडे श्वास होता.

आत ओढलेला. लांब, सावकाश, जाणकाराचा.

तो स्वतः जसा ग्लासावर वाकला होता, तसंच पलीकडून कुणीतरी वाकलं होतं. खूप तहानलेलं, पण घाई नसलेलं.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटलं भलतंच: इतकं मन लावून वास घेणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

साडेबाराला चारही ग्लास संपले. धनंजयनं त्यातला एक घोटही घेतला नव्हता. तळाशी ओलही नव्हती. आणि ग्लास रिकामा होताच त्यातला वास जायचा. आधी केळं गेलं. मग समुद्र. मनुका. शेवटी धूर.

पुन्हा काहीच नाही. टेबल, मार्कर, घोरणारे मामा.

गुरुवार चार दिवसांवर.

ड्रॉपरच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

मामीचे शब्द त्याला आठवत होते. नीट आठवत होते.

त्यानं बोट दाबलं.

थेंब रिकाम्या ग्लासात पडला. पडल्याचा आवाज आला. ग्लासात थेंब नव्हता.

मग सगळं आलं. मामांच्या अंगावरच्या बनियनची नीळ. पंख्याचं तापलेलं ग्रीस. शेजारच्या घरातलं खोबरेल. रस्त्यापलीकडच्या चिंचेचा कोवळा पाला. एकेक वास वेगळा, सुट्टा, आपल्या जागी उभा. धनंजय टेबलाला धरून उभा राहिला. हे त्याचं जुनं नाक नव्हतं. असं नाक त्याला कधीच नव्हतं.

तो थांबला. एक मिनिट. पाच मिनिटं. वास गेला नाही.

मामी दारात आली. “संपली का रे तुमची दारू?”

ती विचारत होती. एरवी ती सांगायची.

“संपली, मामी,” तो म्हणाला.

गुरुवारी पुण्यात वीसपैकी वीस आले. एकविसावं उत्तर त्यानं न विचारता दिलं, परीक्षकाच्या बॅगेतल्या डब्यात मेथी होती. कॉरिडॉरमध्ये येऊन त्यानं मामांना फोन लावला.

“पास झालो, मामा!”

“व्वा रे पठ्ठ्या! व्होल्टेज लागू पडलं!” मामांनी आवाज खाली आणला. “इकडंही मज्जा हाय बाप्पा. अंकिताची अजून एक बाटली होती माह्यापाशी. चार दिवसांपासून तुह्या मामीसमोर बसून घेतो. काही म्हणत नाई! काल तं माहा ग्लास तिनंच विसळला, म्हणे पाणी पिऊन ग्लास तसेच काऊन ठेवता?”

मामा खुदुखुदू हसत होते. धनंजय हसला नाही.

त्या कॉरिडॉरमध्ये वास येत होता. तुरीच्या डाळीचा. हिंग, मोहरी, आणि त्याखाली नुकतंच बुडाला लागू लागलेलं. त्यानं मान वळवली. वास कॅन्टीनकडून येत नव्हता. तो पूर्वेकडून येत होता.

“मामा, डाळ करपून राह्यली.”

“कुठची?”

“तुमच्या घरची. गॅस पाहा.”

चपलांचा आवाज. मामांचा खोकला, मग ठसका, मग ओरडणं, “अवं करपल्याचा किती वास सुटला इथं! हाय कुठं तू?”

आणि फोनच्या अगदी जवळून मामीचा शांत आवाज आला.

“काऊन ओरडून राह्यले? मी तं गॅससमोरच उभी आहो.”