कळवतो म्हणू नका

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. खांद्याला काळी बॅग, शर्टावर रस्त्याची धूळ, कपाळावर हेल्मेटचा वळ. म्हणाला, "प्रितमनं पाठवलंय. कंप्युटर चालू होत न्हाई म्हणे..."

माझ्या भाचीने मान वर केली. हातातला कागदांचा गठ्ठा तिने टेबलावर असा आपटला, की शेजारच्या झेरॉक्स मशीनचं झाकण धाडकन खाली पडलं.

"तुम्ही?"

"मी... आदिनाथ."

"नाव माहितीये मला. विसरून बघितलं. न्हाई जमलं."

एवढं ऐकूनच मी लॅमिनेशनचं मशीन बंद केलं. अशा वेळी काम करायचं नसतं, बघायचं असतं.

आमचं दुकान राजूरला, गणपतीच्या वाटेवर. एका बाजूला हारवाला, दुसऱ्या बाजूला रसवंती. दुकान माझ्या भाचीचं, प्रियदर्शनीचं. लग्नपत्रिका, बॅनर, टायपिंग, सगळं ती एकटी करते. मी तिची आत्या, उषाबाई. माझे मालक गेल्यापासून भावाकडे राहते आणि दिवसभर इथे बसते. लॅमिनेशन तेवढं माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकांशी बोलणं.

आदिनाथला मी दुसऱ्यांदाच पाहत होते. पहिल्यांदा पाहिला तो दिवाळीच्या आधी, आमच्याच बैठकीत. कुंभार पिंपळगावची मंडळी प्रियदर्शनीला बघायला आली होती. जालन्यात त्याचं कंप्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान. पोहे झाले, चहा झाला, आणि दोघांना अंगणात बोलायला सोडलं. खरं तर अशा वेळी पोरंपोरी जरा बोलतात आणि आत येतात. ही दोघं येईनातच! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. तिने विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" तो म्हणाला, "बंद पडलेल्या वस्तू." आणि माझी भाची हसली... खळखळून, डोकं मागे टाकून. ती आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

मग ते लोक उठले. आणि तो शब्द आला. "कळवतो."

मला या शब्दाचा भयंकर राग आहे. आमच्या काळी असलं काही नव्हतं. तबकात सुपारी ठेवलेली असायची. पाहुण्यांनी ती उचलली की हो. तबकातच राहिली की न्हाई. माझ्या वेळी सासऱ्यांनी सुपारी उचललीच, शिवाय चिमूटभर साखर माझ्या वडिलांच्या हातावर ठेवली. उंबरा ओलांडायच्या आत निकाल. पोरीला रडायचं तर त्याच संध्याकाळी रडून घेता यायचं. आता काय? मोबाईल आले, गाड्या आल्या, आणि माणसं हो किंवा न्हाई म्हणायची विसरली. कळवतो! म्हणजे पोरीने स्वयंपाक करताना ऐकायचं, झोपताना ऐकायचं, फोन वाजला की धावायचं.

प्रियदर्शनी महिनाभर धावली. मग थांबली. मग चिडली, ती चिडलेलीच राहिली. परवा माझ्या भावाने, रामकिसनने, सांगितलं की रविवारी परतूरचे पाहुणे बघायला येणार आहेत. ती फक्त म्हणाली, "येऊ द्या. पोहे मी करणार न्हाई." आणि पाडव्याच्या दिवशी दुकानातल्या कंप्युटरच्या मशीनची पूजा तिने अशी केली, जणू त्याच्याशीच लग्न लावून घेते आहे. आता माझं हेच, म्हणाली. आणि आज ते मशीनच उठेना, म्हणून नेहमीच्या दुरुस्तीवाल्या प्रितमला सकाळीच फोन केला होता. नंदाबाईच्या लेकाची पत्रिका त्यातच अडकलेली, आणि पहिली पत्रिका उद्या गणपतीपुढे ठेवायची होती.

अशा दिवशी हा आला.

"प्रितम कुठाय?" तिने विचारलं.

"तो... कामात होता."

"बरं. मंग करा जल्दी. आणि गेलात तरी चालंल."

तो टेबलाखाली वाकला. "लाईट आहे ना?"

"पंखा काय मी फुंकून फिरवून राह्यले?"

त्याने वर पाहिलं. ओठ दाबले. हसू आलं होतं त्याला, मी पाहिलं. यूपीएस तपासला. स्क्रीनची वायर काढून सीपीयूला लावून बघितली. "वायर बराबर आहे."

"वायर कधी धोका देत न्हाई. माणसं देतात."

"मॅडम, मला काम करू द्या."

"करा की. मी कुठं तुमचा हात धरलाय?"

हे बोलून गेल्यावर तिलाच काहीतरी झालं. ती रसवंतीकडे बघायला लागली. त्याने सीपीयूचं एका बाजूचं झाकण काढलं, ब्रशने धूळ उडवली. वीज पुरवणाऱ्या डब्याचा मोठा प्लग उपसला आणि वायरच्या वाकड्या तुकड्याने हिरवी तार काळीला जोडली. डब्यातला पंखा भिरभिरला.

"जीव आहे ह्यात," तो म्हणाला.

"मंग उठत का न्हाई?"

"उठवणाऱ्याचा आवाज पोचत नसंल."

त्याने खोडरबर मागितला. तिने ड्रॉवरमधून काढला, पुढे केला... आणि दोघांची बोटं एकाच खोडरबरावर जरा जास्तच वेळ राहिली. मग तिने हात असा मागे घेतला, जणू इस्त्रीला लागला. तो खाली मान घालून मेमरीची पट्टी घासत बसला. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं, त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. तिने टेबलावरचा छोटा पंखा त्याच्याकडे वळवला.

"वारा लागतोय," तो म्हणाला.

"आत्याला गरम होऊन राह्यलं म्हणून फिरवला."

मी पंख्याच्या बरोब्बर दुसऱ्या बाजूला बसले होते.

पट्टी पुन्हा बसवली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तो मांडी घालून खाली बसला, मनगटाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "मदरबोर्ड बघावा लागंल. मी दुकानावर नेतो, चेक करतो... आणि मंग तुम्हाला कळवतो."

मी मनात म्हटलं, मेला.

"काय म्हणालात?" ती हळू म्हणाली. इतकं हळू, की हारवाल्याने मान काढून बघितलं.

"कळव..."

"खबरदार! खबरदार तो शब्द माझ्या दुकानात काढला तर! कळवतो म्हणून गेल्ते ना दिवाळीच्या आधी? काय कळवलं? मशीन कुठंबी जाणार न्हाई. इथंच सांगायचं, माझ्या तोंडावर. होतंय तर हो, न्हाई तर न्हाई. लोकांना तंगवत ठेवायचा धंदाच आहे का तुमच्या घराण्याचा?"

आता तोही उठला. त्याचाही चेहरा लाल झाला होता. "आमच्या घराण्याचा? वा! कळवणार तुम्ही होतात!"

"आम्ही?"

"तुमचे वडील अंगणात काय म्हणाले? 'कळवतो मंग.' माझे बाबा म्हणाले, 'हो, आम्हीबी कळवतो.' गाडीत बसल्यावर बाबा म्हणे, पोरगी शिकलेली, स्वतःचं दुकान, आपला पोरगा पेचकस घेऊन फिरतो. त्यांनीच हो म्हणायला पाहिजे, आपण कोणत्या तोंडानं फोन करायचा? माझी आई फोन चार्जिंगला लावून त्याच्यापाशी बसायची. आणि तुम्ही..." त्याचा आवाज फाटला. "एक फोन न्हाई!"

"आमचे बाबा म्हणत होते, पोरीकडच्यांनी आधी बोललं तर पोरगी गळ्यात पडली म्हणतात. पोराकडच्यांनी कळवायचं असतं!"

"आमच्यात पोरीकडचे कळवतात!"

"हे तुम्ही आज सांगून राह्यले?"

"तुम्ही आज विचारून राह्यल्या!"

रसवंतीच्या चरकाचं घुंगरू तेवढं वाजत होतं. मला असा संताप आला, की माझ्या भावाला आणि ह्याच्या बापाला एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून म्हणावं, दार कधी उघडायचं ते कळवतो! दोन घरं, दोन्हीकडे होकार, आणि दोघंही मिशा सांभाळत बसलेले.

"मशीन नेत न्हाई," आदिनाथ तिरसटून म्हणाला. "इथंच बघतो. बिलकुल इथंच."

तो पुन्हा खाली बसला. रागातच पेचकस उचलला आणि आतल्या पाटीवरची बटणाची वायर उपसून तिथल्या दोन बारीक पिनांना त्याचं टोक टेकवलं. टिक! पंखे घरघरले, स्क्रीन उजळली.

"चालू झालं!" ती पुढे वाकली. तिची वेणी त्याच्या खांद्यावर पडली. तिला कळलं नाही. त्याला कळलं.

"म्हणजे आत सगळं ठीक आहे..." तो वेणीला धक्का न लावता बोलत होता. "बटणातच कायतरी आहे."

मशीन बंद करून त्याने समोरचं प्लास्टिक खोलून काढलं आणि उजेडाकडे धरलं. मग बराच वेळ नुसता बघत राहिला.

"हे कुणी केलं?"

बटणावर आणि बटणाच्या फटीत कालचं ओलं कुंकू वाळून दगड झालं होतं. आणि बटणाच्या मागे, बारक्या स्विचच्या आड, एक अक्षत अडकून बसली होती. एकच तांदूळ. बटण आत जायचं, पण स्विचला टेकायचंच नाही.

"मी," प्रियदर्शनी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "पाडव्याची पूजा केल्ती."

"मशीनला कुंकू लावावं. कोपऱ्यात लावावं. बटणावर कशाला?"

"तिथूनच तर चालू होतं ना ते!"

तो हसला. दाबून धरलेलं सगळं हसू एकदम सुटलं त्याचं, आणि ती चिडली, "हसू नका!" म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचेही गाल फुगले. पण हसली नाही. पक्की आहे.

त्याने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, चिमट्याने तांदूळ काढला. तो फेकला नाही. तळहातावर ठेवला.

"प्रितमला खरंच काम होतं?" तिने विचारलं.

"न्हाई. माझ्या दुकानात चहा पिऊन राह्यल्ता. तुमच्या दुकानाचं नाव घेतलं त्यानं. मी म्हटलं, थांब, मी जातो."

"कशाला?"

"भांडायला."

"मंग भांडलात तर न्हाई. नुसते वाकून बसलात."

"तुम्ही चान्स कुठं दिला?"

तिने पदराच्या... नाही, ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. माझ्या डोळ्यांसमोर अजून पदरच येतो. मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता दिला. रविवारी परतूरचे पाहुणे येऊन राह्यले मला बघायला. म्हणून आत्ता सांगा. हो की न्हाई?"

"हो," तो म्हणाला. "अंगणात तुम्ही हसलात, तेव्हाच हो होतं... आणि तुमचं?"

तिने मशीनकडे बोट केलं. त्याने प्लास्टिक जागेवर बसवलं, वायरी जोडल्या, बाजूला सरकला. "दाबा."

तिने अनामिकेने बटण दाबलं, कुंकू लावतात तसं. निळा दिवा लागला.

"झालं चालू," ती म्हणाली.

"मी मशीनचं न्हाई विचारलं."

"मीबी मशीनचं न्हाई सांगितलं."

एवढं पुरे होतं मला. मी फोन उचलला आणि रामकिसनला लावला. "दादा, परतूरच्यांना फोन कर."

"का? काय झालं? आता त्यांना काय सांगू... कळवतो म्हणू?"

"न्हाई!" मी इतकी ओरडले, की हारवाल्याच्या हातातला हार पडला. "सरळ न्हाई म्हण. मंग कुंभार पिंपळगावला फोन लाव आणि सरळ हो म्हण. आणि मिशा घरी ठेवून बोल."

पाडव्याची साखरगाठी मी लॅमिनेशनच्या टेबलाच्या खणात ठेवली होती. तिच्यातलं एक पदक मोडून आदिनाथच्या हातावर ठेवलं, त्या तांदळाशेजारी. "आमच्या काळी हे पाहुण्यांनी द्यायचं असायचं. तुमच्या घरच्यांना वेळ लागतो, म्हणून मीच देते."

तो माझ्या पाया पडला. वर उठला, तेव्हा प्रियदर्शनीने त्याच्या तळहातावरची साखर उचलली, अर्धी तोडली, स्वतः खाल्ली आणि उरलेली परत ठेवली. तो तिथेच बघत उभा राहिला, एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात अर्धी साखर.

"जा आता," ती म्हणाली. "नंदाबाईची पत्रिका काढायचीये."

त्याने बॅग आवरली, हेल्मेट घातलं, गाडीला किक मारली. रस्त्यावर जाऊन वळून पाहिलं आणि हात वर करून ओरडला, "जालन्याला पोचलो की कळव..."

ती पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"सांगतो!" तो घाईघाईने ओरडला. "सांगतो! सांगतो!"

आणि माझी भाची हसली... खळखळून, डोकं मागे टाकून.